जॉन फोगर्टी: आयुष्य आणि गाणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हॉस्टेलवर राहत असताना शेजारच्या खोलीतला मुलगा रोज रात्री एकच कॅसेट लावायचा. भिंतीपलीकडून शब्द कळायचे नाहीत. घसा खरवडून निघालेला आवाज आणि त्याखालचा गिटारचा ठेका मात्र थेट ऐकू यायचा. तो आवाज जॉन फोगर्टीचा होता हे पुढे कळलं. तेव्हापासून आजवर त्याच्याविषयी बोलताना मित्रांनी, गिटार शिकणाऱ्या मुलांनी आणि ‘हे तर गायिका टीना टर्नरचं गाणं ना?’ म्हणणाऱ्यांनी जे जे विचारलं, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

जॉन फोगर्टी कोण?

अमेरिकन गायक, गीतकार, संगीतकार आणि गिटारवादक. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, म्हणजे चाहत्यांच्या तोंडी ‘सीसीआर’, या बँडचा तो कर्ताधर्ता. जन्म २८ मे १९४५, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वाढला शेजारच्या एल सेरिटोमध्ये, पाच भावांतला तिसरा. बँडची गाजलेली जवळपास सगळी गाणी त्यानेच लिहिली, गायली, बसवली आणि रेकॉर्डिंगवर देखरेखही त्याचीच होती. पहिला अल्बम १९६८ मध्ये आला आणि १९७२ मध्ये बँड संपला. त्या चार वर्षांतली गाणी पुन्हा आपली म्हणता यावीत म्हणून त्याला पुढची पन्नास वर्षं घालवावी लागली.

‘रूट्स रॉक’ म्हणजे नेमकं काय?

ज्या रॉकमध्ये त्याची मुळं उघडी दिसतात, तो रूट्स रॉक. ब्लूज, कंट्री, गॉस्पेल, रॉकबिली, लोकगीतं ही ती मुळं. १९६७-६८ च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या भागात सायकेडेलिक संगीताचा जोर होता. एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं. त्याच परिसरात बसून फोगर्टी अडीच-तीन मिनिटांची, एक शब्द जास्त नाही अशी गाणी लिहीत होता. हाउलिंग वुल्फचा खर्ज, लिटल रिचर्डची किंकाळी, कार्ल पर्किन्सची गिटार, पॉप्स स्टेपल्सच्या गिटारचा थरथरता ट्रेमोलो आणि बुकर टी अँड द एमजीजची काटकसर, हे सगळं त्याच्या कानात मुरलेलं होतं. लेडबेली या जुन्या लोकगायकामुळे लोकांपर्यंत पोचलेली ‘कॉटन फील्ड्स’ आणि ‘द मिडनाइट स्पेशल’ ही गाणी त्याने १९६९ च्या ‘विली अँड द पुअर बॉइज’ या अल्बममध्ये घेतली आहेत. आपण कुणाचे वारस आहोत हे त्याने कधी लपवलं नाही.

तो मूळचा लुइझियानाचा ना?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि यायलाच हवा. गाण्यांत बायू म्हणजे दलदलीतले संथ ओढे आहेत, चाकाच्या आगबोटी आहेत, मिसिसिपी नदी आहे, आणि उच्चारही अमेरिकेच्या दक्षिणेकडचे. पण ही गाणी लिहिली तेव्हा तो त्या मुलखात राहिला नव्हता. सिनेमे, पुस्तकं आणि मुख्य म्हणजे रेकॉर्ड्स यांतून त्याने आपला एक दक्षिण देश मनात उभा केला होता.

‘ग्रीन रिव्हर’ ऐका. त्या गाण्यातली जागा खरी आहे, पण ती आहे उत्तर कॅलिफोर्नियातल्या विंटर्स गावाजवळचा पुटा क्रीक. लहानपणी फोगर्टी कुटुंब सुट्टीला तिथे जायचं. गाण्याचं नाव मात्र आलं सोडा फाउंटनवर मिळणाऱ्या हिरव्या सरबताच्या बाटलीवरून. ‘लोडाय’ हे कॅलिफोर्नियातलं खरं गाव, पण गाणं लिहिलं तेव्हा त्याने ते पाहिलेलं नव्हतं. नुसता नावाचा नाद आवडला होता. मला यात काहीच खोटेपणा वाटत नाही. ज्या गावात पोट न भरणारा गवई अडकून पडतो, ते गाव कुठलंही असू शकतं. ‘लोडाय’ ऐकताना मला तर नेहमी जत्रेबाहेर रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवणारा ऑर्केस्ट्रा आठवतो.

गाणी लिहावीत हे त्याला सुचलं कुठून?

आईमुळे. तो अगदी लहान असताना आईने त्याला मुलांची एक रेकॉर्ड आणून दिली. एका बाजूला ‘ओ सुझाना’, दुसऱ्या बाजूला ‘कॅम्पटाउन रेसेस’. आणि मग तिने त्याला सांगितलं की ही दोन्ही गाणी एकाच माणसाने, स्टीफन फॉस्टरने, लिहिली आहेत. गाणी झाडाला लागत नाहीत, कुणीतरी माणूस ती करतो, हे त्या पोराला त्या दिवशी कळलं. आत्मचरित्रात त्याने हा प्रसंग फार मायेने सांगितला आहे. त्याच्या पुढच्या आयुष्यात जे काही झालं, ती सगळी भांडणं, तो हट्ट, ते मौन, सगळं या एका वाक्याकडे परत जातं: हे गाणं कुणाचं?

बँड कसा जमला, आणि नाव इतकं विचित्र का?

शाळेत जमला. पोर्टोला ज्युनिअर हायस्कूलमध्ये जॉनला ड्रमर डग क्लिफर्ड आणि पियानो वाजवणारा (पुढे बासवर गेलेला) स्टू कुक भेटले. १९५९ मध्ये तिघांचा ‘ब्लू व्हेल्वेट्स’ झाला. जॉनहून जवळपास चार वर्षांनी मोठा असलेला भाऊ टॉम आधीपासून गायचा, तोही त्यांना येऊन मिळाला. १९६४ मध्ये फँटसी रेकॉर्ड्स या सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅझ कंपनीने त्यांना घेतलं आणि त्यांच्यावर ‘गॉलिवॉग्स’ हे नाव लादलं. पोरांना ते नाव अजिबात आवडायचं नाही. १९६७ मध्ये सॉल झेंट्झ याने भागीदारांसह कंपनी विकत घेतली आणि नाव बदलायची मोकळीक मिळाली. ‘क्रीडन्स’ हे टॉमच्या ओळखीतल्या एका माणसाच्या नावावरून, ‘क्लिअरवॉटर’ बिअरच्या एका जाहिरातीतून, आणि ‘रिव्हायव्हल’ म्हणजे पुन्हा उभं राहणं, ते त्यांचं स्वतःचं.

‘प्राउड मेरी’ टीना टर्नरचं गाणं नाही का?

लिहिलं फोगर्टीने. सीसीआरचं १९६९ च्या सुरुवातीला आलं. आइक आणि टीना टर्नरचं १९७१ मध्ये. टीनाने त्याला जे रूप दिलं ते इतकं तिचं आहे की लोकांची गफलत होणं साहजिक आहे.

गाण्याच्या जन्माची गोष्ट अशी. १९६६ मध्ये जॉनला सैन्यभरतीचा कागद आला. थेट व्हिएतनामला जायची वेळ येऊ नये म्हणून तो आर्मी रिझर्व्हमध्ये दाखल झाला आणि पुढची दोन वर्षं महिन्यातून काही दिवस गणवेशात, उरलेले दिवस बँडबरोबर अशी काढली. अखेर सन्मानाने सेवामुक्त केल्याचं पत्र घरी आलं. त्या आनंदात गिटार घेऊन बसला आणि शहरातली नोकरी सोडून नदीवर निघालेल्या माणसाचं गाणं झालं. ‘प्राउड मेरी’ हे नाव त्याच्या वहीत आधीच लिहिलेलं होतं. गाण्यांची नावं सुचतील तशी टिपून ठेवायची त्याची सवय होती, आणि वहीतलं पहिलं नाव हेच.

एका वर्षात तीन अल्बम? खरंच?

खरंच. १९६९ मध्ये ‘बायू कंट्री’, ‘ग्रीन रिव्हर’ आणि ‘विली अँड द पुअर बॉइज’. पुढच्या जुलैत ‘कॉस्मोज फॅक्टरी’. बर्कलीतल्या ज्या गोदामात ते रोज तालीम करायचे त्याला ‘फॅक्टरी’ म्हणायचे, आणि कॉस्मो हे डगचं टोपणनाव. नोकरीला जावं तसे रोज जायचे. कार्यक्रम असताना दारू नाही, नशा नाही, हा जॉनचा नियम. स्टुडिओत जाईपर्यंत गाणं इतकं घोटलेलं असायचं की रेकॉर्डिंगला फार वेळ लागत नसे. रियाझ हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, काम मात्र तेच होतं.

एवढी गाणी गाजली तर पहिल्या क्रमांकावर किती गेली?

अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत एकही नाही. पाच सिंगल्स दुसऱ्या क्रमांकावर जाऊन थांबली: ‘प्राउड मेरी’, ‘बॅड मून रायझिंग’, ‘ग्रीन रिव्हर’, ‘ट्रॅव्हलिन बँड’ आणि ‘लुकिन आउट माय बॅक डोअर’.

ते वुडस्टॉकमध्ये होते का?

होते. १९६९ च्या त्या प्रचंड संगीत महोत्सवासाठी करार करणारा पहिला मोठा बँड सीसीआरच होता. पण त्यांच्या आधी ग्रेटफुल डेड या बँडचा कार्यक्रम लांबला आणि यांचा नंबर लागला मध्यरात्र उलटल्यावर. चिखलात पहुडलेले हजारो लोक झोपेत होते. कार्यक्रम आपल्या दर्जाचा झाला नाही असं जॉनला वाटलं आणि त्याने महोत्सवावरच्या सिनेमात आणि रेकॉर्डमध्ये तो घ्यायला नकार दिला. त्यामुळे वुडस्टॉक म्हटलं की सीसीआर कुणाला आठवत नाही. २०१९ मध्ये, पन्नास वर्षांनी, ते ध्वनिमुद्रण पूर्ण स्वरूपात बाहेर आलं. मी ते ऐकलं आहे आणि मला वाटतं त्याने स्वतःला फार कडक गुण दिले होते.

‘फॉर्च्युनेट सन’ हे देशभक्तीचं गाणं आहे का?

हे गाणं एका रागातून आलं आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या मुलीचं माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नातवाशी लग्न झालं होतं, वर्तमानपत्रं त्याने भरलेली होती. आणि इकडे जॉनच्या वयाची, साध्या घरांतली मुलं व्हिएतनामला पाठवली जात होती. श्रीमंतांची, सत्ताधाऱ्यांची पोरं काही ना काही करून सुटतात आणि झेंड्याच्या गप्पा मारणारेच दुसऱ्यांच्या पोरांना पुढे करतात, एवढंच तो सांगतो. स्वतः गणवेश घातलेला असल्यामुळे सैनिकांविषयी त्याच्या मनात कधी कडवटपणा नव्हता. राग होता तो पाठवणाऱ्यांवर. वीसेक मिनिटांत लिहिलं असं तो सांगतो.

सुरुवातीच्या दोन ओळींत झेंडा येतो, आणि तेवढ्यावरून एका जीन्सच्या जाहिरातीत तेवढ्याच ओळी वापरून गाणं देशप्रेमाचं करून टाकलं गेलं. जॉन चिडला, पण हक्क त्याच्याकडे नव्हते. २०२० च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेत ते वाजलं तेव्हाही त्याने वापर थांबवण्याची कायदेशीर नोटीस पाठवली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत हे गाणं घेतलं.

‘रन थ्रू द जंगल’ व्हिएतनामच्या जंगलाविषयी आहे ना?

सगळ्यांना तसंच वाटतं, सिनेमेही ते तसंच वापरतात. जॉनने स्पष्ट सांगितलंय की ते गाणं अमेरिकेत घरोघरी पसरलेल्या बंदुकांविषयी आहे. असेच गैरसमज ‘लुकिन आउट माय बॅक डोअर’विषयीही आहेत. त्यातले बाजा वाजवणारे हत्ती आणि उडणारा चमचा पाहून लोकांना नशा आठवली. ते गाणं त्याने आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी लिहिलं होतं.

आणि पावसाची गाणी?

दोन आहेत, लोक त्यांत गोंधळतात. ‘हूल स्टॉप द रेन’ १९७० चं. ते वुडस्टॉकच्या पावसातून घरी परतल्यावर लिहिलं असं तो कार्यक्रमांत सांगतो; त्यातला पाऊस त्या काळाच्या सगळ्या गोंधळाचा पाऊस आहे. ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ १९७१ चं, आणि ते बँडविषयी आहे. यश कळसाला होतं, पैसा येत होता, आणि चौघांचं आपसांत पटेनासं झालं होतं. लख्ख उन्हात पडणारा पाऊस म्हणजे ते. आपण श्रावणातला ऊनपाऊस आनंदाने बघणारी माणसं. त्यामुळे हे गाणं पहिल्यांदा ऐकताना ते सुखाचं वाटतं. चालही तशीच मोकळी आहे. अर्थ कळल्यावर मात्र ती चाल ऐकवत नाही. माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं गाणं हेच.

त्याची गिटार वाजवायला सोपी आहे का?

‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ सी, जी, एफ आणि ए-मायनर एवढ्या कॉर्ड्सवर निघतं. एफ बसला की निम्मं काम झालं, म्हणूनच नवशिक्यांच्या वहीत ते हमखास असतं. ‘बॅड मून रायझिंग’ला तीनच कॉर्ड्स. कॉर्ड्स सोप्या आहेत, ठेका नाही. उजवा हात घाई न करता एका लयीत चालत ठेवणं, हेच अवघड. शिवाय काही गाण्यांत त्याची गिटार एक पूर्ण स्वर खाली लावलेली असते, त्यामुळे रेकॉर्डबरोबर वाजवताना ‘माझं का जुळत नाही’ हा प्रश्न पडतो. प्रत्येक तार एकेक स्वर उतरवून पाहा, म्हणजे ई ची डी. त्या थरथरत्या आवाजासाठी ॲम्प्लिफायरवरचा ट्रेमोलो लागतो, हळू गतीवर.

‘बॅड मून’मध्ये तो बाथरूमचा पत्ता सांगतो का?

ध्रुवपदाची शेवटची ओळ अनेकांना ‘उजवीकडे बाथरूम आहे’ अशी ऐकू येते. त्याला हे माहीत आहे, आणि कार्यक्रमात तो कधीकधी मुद्दाम तशीच गातो. मूळ गाणं मात्र संकटाच्या चाहुलीचं आहे. एका जुन्या सिनेमातल्या वादळाच्या दृश्यावरून ते सुचलं.

बँड का फुटला?

सगळं जॉनच्या हाती होतं म्हणून. गाणी त्याची, आवाज त्याचा, निर्णय त्याचे, व्यवहारही तोच बघायचा. बाकी तिघांना आपलं काही हवं होतं. १९७१ च्या सुरुवातीला टॉम बाहेर पडला. त्यानंतर ‘मार्डी ग्रा’ या अल्बममध्ये तिघांनी लेखन आणि गायन वाटून घेतलं. समीक्षकांनी तो अल्बम धुऊन काढला आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये बँड संपला. चाहते इथे दोन तट करतात. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. जॉनशिवाय ही गाणी झाली नसती, आणि शाळेपासूनच्या मित्रांना सतत वादक म्हणून वागवलं तर ते कधीतरी उठून जाणारच.

फँटसी कंपनीशी एवढं वैर कशामुळे?

कोवळ्या वयात सही केलेल्या करारामुळे. गाण्यांचे प्रकाशनहक्क कंपनीकडे गेले होते. बँड मोठा झाला की करार सुधारू, असं आश्वासन होतं. तसं झालं नाही असं जॉनचं म्हणणं. शिवाय दरवर्षी ठरावीक संख्येने गाणी देणं बंधनकारक होतं. बँड फुटल्यावर डग आणि स्टू मोकळे झाले, जॉन अडकला. त्यात बँडची कमाई बहामातल्या एका बँकेत ठेवण्याच्या योजनेत बुडाली. १९७३ मध्ये त्याने ‘ब्लू रिज रेंजर्स’ नावाने जुन्या कंट्री आणि गॉस्पेल गाण्यांचा अल्बम काढला. नाव बँडचं, पण आतलं प्रत्येक वाद्य त्याने एकट्याने वाजवलेलं. १९७५ च्या अल्बमातलं ‘रॉकिन ऑल ओव्हर द वर्ल्ड’ पुढे स्टेटस को या ब्रिटिश बँडने गाजवलं आणि १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमाची वेम्ब्लीतली सुरुवात त्याच गाण्याने झाली. १९७६ चा ‘हूडू’ हा अल्बम असायलम या त्याच्या नव्या कंपनीने नाकारला. तोही म्हणाला, टेप नष्ट करा. मग जवळजवळ नऊ वर्षं काही नाही. फँटसीच्या बंधनातून सुटण्यासाठी त्याने आपल्या जुन्या रेकॉर्ड्सच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं.

फँटसीचा मालक झेंट्झ दरम्यान सिनेमा निर्माता झाला होता आणि उत्तम निर्माता झाला होता: ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’, ‘अमेडियस’, पुढे ‘द इंग्लिश पेशंट’, तिन्ही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्करविजेते. हे सिनेमे मलाही आवडतात. पण त्यामागे सीसीआरच्या रेकॉर्ड्सचा पैसा होता, हे पाहताना विसरता येत नाही.

स्वतःचीच नक्कल केली म्हणून खटला झाला, ही दंतकथा की सत्य?

सत्य. १९८५ च्या जानेवारीत ‘सेंटरफील्ड’ हा अल्बम आला. पुन्हा सगळी वाद्यं त्याचीच. अमेरिकेच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे गाणं ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे असा दावा फँटसीने लावला. दोन्ही गाणी लिहिणारा माणूस एकच, पण जुन्या गाण्याचा मालक कंपनी! शिवाय याच अल्बममधली दोन गाणी आपल्यावर रोखलेली आहेत म्हणून झेंट्झने बदनामीचाही दावा केला. त्यातल्या एका गाण्याचं नाव आणि शब्द बदलावे लागले, आणि तो वाद तडजोडीने मिटला.

नकलेचा खटला १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयात ज्युरीपुढे चालला. फोगर्टी गिटार घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात गेला. आपण गाणं कसं बांधतो, कुठला ठेका, कुठली बोटं, हे त्याने वाजवून दाखवलं. दोन्ही गाण्यांत साम्य आहे, कारण दोन्हींत मी आहे, असं त्याचं सांगणं. ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. एखाद्या गवयाला स्वतःची शैली स्वतःची आहे हे शपथेवर सिद्ध करावं लागावं, या गोष्टीचा मला आजही त्रास होतो.

मग सर्वोच्च न्यायालयाचा काय संबंध?

वकिलांच्या खर्चाचा. खटला जिंकूनही त्याचे दहा लाख डॉलरांहून जास्त गेले होते. कॉपीराइटच्या खटल्यात वादी जिंकला तर त्याला खर्च सहज मिळायचा. प्रतिवादी जिंकला तर दावा निरर्थक किंवा दुष्ट हेतूने केला होता हे त्याने दाखवायचं, अशी काही खालच्या न्यायालयांची रीत होती. ‘फोगर्टी विरुद्ध फँटसी’ प्रकरणात १ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की दोघांना एकच माप लावा. पुढे त्याला सुमारे साडेतेरा लाख डॉलर मिळाले. त्याच्या गाण्यांशी देणंघेणं नसलेले अमेरिकन वकीलसुद्धा या खटल्यामुळे त्याचं नाव जाणतात.

तो स्वतःची गाणी गात नव्हता, हे खरं?

हो, बरीच वर्षं. गायलं की पैसे झेंट्झला जाणार, म्हणून १९८६ च्या दौऱ्यातही सीसीआरचं एकही गाणं नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमिनो क्लबमध्ये ताज महाल (हा ब्लूज गायक, आपला आग्र्याचा नव्हे), जॉर्ज हॅरिसन आणि बॉब डिलन एकत्र जमले होते. तिथे डिलन त्याला म्हणाला की तू ‘प्राउड मेरी’ गायलं नाहीस तर जग ते टीना टर्नरचं समजेल. त्या रात्री तो गायला. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमात त्याने जुनी गाणी पुन्हा म्हटली.

पण मनातली गाठ सुटली ती मिसिसिपीत. १९९० च्या सुमारास तो तिथे पुन्हा पुन्हा जात राहिला, का ते त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. ब्लूजचा महान गायक रॉबर्ट जॉन्सन जिथे पुरला आहे असं मानतात, त्या जागी तो उभा होता. या माणसाच्या गाण्यांचे हक्क आज कुठल्यातरी वकिलाकडे असतील, असा विचार त्याच्या मनात आला, आणि पाठोपाठ दुसरा: असेनात, गाणी रॉबर्ट जॉन्सनचीच आहेत. मग माझी गाणीही माझीच. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी संत आपली नाममुद्रा ठेवतात. वही कुणाच्याही घरात असो, म्हणणारा ते नाव घेऊनच म्हणतो. मी हा प्रसंग वाचला तेव्हा मला तेच आठवलं. १९९७ चा ‘ब्लू मून स्वॅम्प’ हा त्या मोकळ्या झालेल्या माणसाचा अल्बम. त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

भावाशी समेट झाला का?

नाही. १९८० मध्ये टॉमच्या लग्नात चौघांनी मिळून वाजवलं होतं. पण झेंट्झच्या वादात टॉम कंपनीच्या बाजूचा राहिला. पाठीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून त्याला एचआयव्हीची लागण झाली आणि ६ सप्टेंबर १९९० रोजी तो गेला. वय ४८.

१९९३ च्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम सोहळ्यातही तेच. जॉनने डग आणि स्टूबरोबर वाजवायला नकार दिला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन, रॉबी रॉबर्टसन यांच्यासह गायला. मित्र प्रेक्षकांत. त्याचा राग मला समजतो, तरी त्या रात्री तो चुकला असंच मला वाटतं.

शेवटी गाणी परत मिळाली?

मिळाली. २००४ मध्ये फँटसी कंपनी कॉन्कॉर्ड या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने विकत घेतली, आणि नव्या मालकांनी त्याची रॉयल्टी पुन्हा सुरू केली. जानेवारी २०२३ मध्ये त्याने आपल्या सीसीआरच्या गाण्यांच्या जागतिक प्रकाशनहक्कांतला बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. झेंट्झ २०१४ मध्ये वारला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘लेगसी’ हा वीस गाण्यांचा अल्बम आला. तीच जुनी गाणी, ऐंशीव्या वर्षी पुन्हा गायलेली, शेन आणि टायलर या मुलांच्या साथीने. त्याच जूनमध्ये त्याने ग्लास्टनबरी महोत्सवातही गाऊन दाखवलं.

आपल्याकडच्या गीतकारांचं काय?

सिनेमासाठी लिहिणाऱ्या आपल्या गीतकार-संगीतकारांचीही दशकानुदशकं हीच तक्रार होती: एकदा मानधन घेतलं की संपलं. २०१२ मध्ये भारताच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेरही खूप झगडा केला होता. आता सिनेमातल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला सिनेमागृहाबाहेरच्या वापराची रॉयल्टी मिळण्याचा हक्क सही करून सोडून देता येत नाही. तो वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडेच जाऊ शकतो. गाणी लिहिणाऱ्या कुणाही तरुणाने सही करण्याआधी हे कलम वाचावं.

कुठून ऐकायला सुरुवात करू?

‘क्रॉनिकल’ हा १९७६ चा संग्रह घ्या, वीस गाणी, एकही टाकाऊ नाही. मग अखंड ‘कॉस्मोज फॅक्टरी’. नंतर ‘सेंटरफील्ड’. बेसबॉल कळत नसला तरी त्यातलं शीर्षकगीत कळतं: कोच, मला खेळायला घ्या, एवढंच ते मागणं आहे. आपल्या गल्लीतल्या बाराव्या खेळाडूचंही तेच असतं. २०१० मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने या गाण्याचा सन्मान केला.

रॉयल अल्बर्ट हॉलची थेट रेकॉर्ड खरी कोणती?

१९८० मध्ये त्या नावाने निघालेली रेकॉर्ड प्रत्यक्षात ऑकलंडच्या कार्यक्रमाची होती. चूक लक्षात आल्यावर तिचं नाव बदलून ‘द कॉन्सर्ट’ केलं. लंडनचा खरा एप्रिल १९७० चा कार्यक्रम २०२२ मध्ये बाहेर आला.

वुडस्टॉकच्या काळातली त्याची ती छोटी गिटार कुठे आहे?

रिकनबॅकर ३२५, मानेच्या टोकाला त्याने स्वतः ‘ॲक्मी’ असं लिहिलेलं. बँड संपल्यानंतरच्या त्या वाईट काळात त्याने ती एका पोराला देऊन टाकली. हातात धरवत नव्हती. चाळीसहून जास्त वर्षांनी पत्नी जूलीने ती शोधून काढली आणि नाताळची भेट म्हणून त्याच्यासमोर ठेवली. आता तो कार्यक्रमांत तीच घेऊन उभा राहतो.